संमतीपत्र आणि पालकांचे मन



२३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यातील नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरविण्यास अनुमती मिळाली, तेव्हा शाळाशाळांतून घरोघरी एक कागद गेला. त्याचे नाव संमतीपत्र. पालकाची लेखी संमती असल्याखेरीज मुलास वर्गात बसवावयाचे नाही आणि उपस्थितीची सक्ती करावयाची नाही, असा नियम होता. कागद लहान, मजकूर चार-सहा ओळींचा, खाली सहीची जागा. आपल्याकडे पालकांना सांगण्याचा प्रघात जुना आहे. मुलांची नावे घाला, हजेरी राखा, पुस्तके जपा, असे शाळा सांगत आली. पालकांना विचारण्याचा प्रघात मात्र विरळा. म्हणून या कागदाचे महत्त्व मोठे होते.

कागद परत आले तेव्हा शाळेने सह्या मोजल्या. इतके होकार, इतके नकार, इतके अनुत्तरित, असा तक्ता तयार झाला आणि वर गेला. होकार देणाऱ्याने तो का दिला, नकार देणाऱ्यास कशाचे भय वाटले, आणि ज्याने कागद फडताळातच ठेवला त्याच्या मनात काय होते, याची नोंद करण्यास त्या तक्त्यात रकाना नव्हता. त्या राहिलेल्या रकान्याविषयी येथे विचार करावयाचा आहे. शाळा बंद होण्याचा व उघडण्याचा प्रसंग पुन्हा येणार नाही असे कोणासही म्हणता येणार नाही, आणि तो आलाच तर गावातल्या पालकासमोर प्रथम उभे राहावे लागते ते शिक्षकालाच.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घ्यावा. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण पुण्यात आढळले. त्याच महिन्याच्या मध्यापासून शाळा बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. पहिली ते आठवीची वार्षिक परीक्षा झाली नाही. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढे नोव्हेंबरात नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी असे वर्ग उघडू लागले, तोच दुसरी लाट आली आणि सर्व पुन्हा बंद झाले. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथी, अशी अनुमती मिळत गेली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा एकदा दारे लागली व त्या महिन्याच्या अखेरीपासून उघडू लागली. प्रत्यक्ष तारखा स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत मागेपुढे झाल्या. परंतु एवढे खरे की, जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीत घातले ते मूल शाळेच्या वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते. प्राथमिक शाळेचे खालचे वर्ग सुमारे वीस महिने ओस पडले.

मोठी मुले आधी आणि धाकटी शेवटी, हा क्रम आपल्याकडे सर्वांना स्वाभाविक वाटला, कारण दहावी-बारावीची परीक्षा डोळ्यांपुढे होती. सर्व जगात तसे झाले नाही. डेन्मार्क देशाने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडल्या त्या धाकट्या मुलांच्या. लहान मूल घरी एकट्याने शिकू शकत नाही आणि ते घरी असेपर्यंत आईबापांना कामावर जाता येत नाही, असा तेथील विचार होता. तेथेही हजारो पालकांनी या निर्णयास विरोध दर्शविला. आपल्या मुलांवर प्रयोग करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. श्रीमंत आणि सुशिक्षित देशातील पालकाच्या पोटातही तोच गोळा उठला, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या खेड्यातील नकार देणाऱ्या पालकास अडाणी ठरविण्याचा मोह होणार नाही.

पुणे जिल्ह्याला साथ नवीन नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले. त्या साथीत रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. शिक्षकांच्या सभेत साथीचा विषय निघावा आणि या पहिल्या शिक्षिकेचे नाव निघू नये, हे योग्य होणार नाही. त्याच साथीत घरझडत्यांच्या भयाने लोक रोगी लपवू लागले, हेही इतिहासात नमूद आहे. २०२० मध्ये झडत्या नव्हत्या. परंतु विलगीकरण केंद्रात नेतील, घरावर फलक लागेल, दूध कोणी घेणार नाही, या भीतीने अंगातला ताप सांगण्यास माणसे कचरत होती. असा पालक संमतीपत्रावर सही करतो, आणि मुलाला कणकण असली तरी सांगत नाही. त्याच्या सहीचा आरोग्याच्या दृष्टीने काही उपयोग होत नाही. शाळेचा त्याच्यावर आणि त्याचा शाळेवर विश्वास असेल तरच तो सकाळी निरोप पाठवील की, आज पोराला पाठवीत नाही, अंग गरम आहे.

आता पालकांच्या मताची मोजदाद पाहू. जुलै २०२१ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पालकांचे ऑनलाइन सर्वेक्षण केले. सुमारे ६ लाख ९० हजार पालकांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी ८१ टक्क्यांहून अधिक पालकांनी मुलांना शाळेत पाठविण्याची तयारी दर्शविली. आकडा मोठा आहे व मोलाचाही आहे. तथापि, हे सर्वेक्षण ज्या साधनाने झाले ते साधन ज्यांच्या घरी नव्हते, त्यांचे मत त्यात येण्याचा मार्गच नव्हता. आणि शाळा उघडण्याची निकड ज्यांना सर्वांत अधिक होती ते बहुधा तेच होते. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत जाऊन सुमारे १,४०० मुलांच्या घरी प्रत्यक्ष विचारपूस करण्यात आली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले १०० पैकी ८ निघाली, मुळीच न शिकणारी ३७ निघाली, आणि शाळा लवकरात लवकर उघडावी असे म्हणणारे पालक ९७ टक्के निघाले. उंबऱ्यात जाऊन विचारले की उत्तर किती ठाम येते, हे या आकड्यांवरून दिसते.

तरीही पहिल्या सर्वेक्षणात सुमारे १९ टक्के पालक नाही म्हणाले, त्यांचेही ऐकले पाहिजे. जुलै २०२१ चा काळ आठवावा. दुसऱ्या लाटेत अनेक घरांतील कर्ती माणसे गेली होती. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी शासनाला ठेवीची योजना करावी लागली होती. तिसरी लाट लहान मुलांवर येईल, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून रोज ऐकू येत होती, आणि बालरोगतज्ज्ञांचे कृतिदल नेमले गेले होते. लहान मुलांसाठी लस तेव्हा नव्हती. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ती मिळू लागली ३ जानेवारी २०२२ पासून. पालकाच्या एका कानावर ‘लाट मुलांवर येणार’ हे शब्द पडत होते, आणि दुसऱ्या कानाशी शाळेचा निरोप येत होता की मुलाला पाठवा. अशा वेळी जो थबकला, त्याने अविचार केला असे म्हणवत नाही.

मुळशी तालुक्याकडे वळले म्हणजे हा विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. कारण हा तालुका नकाशावर एक असला तरी त्यात दोन निरनिराळी जगे नांदतात. पूर्वेला हिंजवडी, सूस, बावधन, भूगाव, पिरंगुट हा पट्टा. तेथे कारखाने, मोठ्या इमारती, परप्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे. पश्चिमेला धरणाचा फुगवटा, मुठा खोरे, कोळवण खोरे, ताम्हिणीचा घाट. तेथे आंबेमोहोर भाताची खाचरे, धनगरवाडे, कातकरी वस्त्या आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न उघडणारे आभाळ. एकाच परिपत्रकाचा अर्थ या दोन जगांत एक होणे शक्य नव्हते.

पूर्वेकडील कामगार पालकाची अडचण शिकण्याची होती, तितकीच सांभाळण्याचीही होती. टाळेबंदी सैल होताच कारखाने सुरू झाले. शाळा सुरू झाल्या नाहीत. आई सकाळी कंपनीच्या गाडीने जाते, बाप दुसऱ्या पाळीला जातो, आणि सात वर्षांचे मूल भाड्याच्या खोलीत धाकट्या भावंडाला घेऊन बसते. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यास आग लागून मोठी प्राणहानी झाली आणि मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, हे तालुका विसरलेला नाही. शाळा बंद असताना या तालुक्यातील किती आया कारखान्यांच्या फाटकाआत होत्या, याची त्या दिवशी सर्वांना जाणीव झाली. अशी आई संमतीपत्रावर तत्काळ सही करते. तिला रोगाचे भय नसते असे नाही. बंद खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाचे भय त्याहून मोठे असते, एवढेच.

पश्चिमेकडील पालकाचे उत्तर पुष्कळदा याच्या उलट येई, आणि त्याला कारण घरातील म्हातारे माणूस. खेड्यातील घर म्हणजे आजी-आजोबा, चुलते, मुले सर्व एका छपराखाली. असा एखादा बाप शाळेच्या पायरीशी उभा राहून म्हणे, “गुरुजी, पोरीला काय व्हायचं न्हाई, ती धडधाकट हाय. पर घरात म्हातारी हाय, तिला दमा. पोर शाळंतनं काय घिऊन आली तर म्हातारीला कुठं घिऊन पळायचं? पौडापातूर जायाला गाडी न्हाई.” या बोलण्यात वैद्यकशास्त्राला सोडून काही नाही. मुलांना हा रोग बहुधा सौम्य होतो आणि वृद्धांना जड जातो, हेच तज्ज्ञ सांगत होते. त्यात दवाखान्याचे अंतर त्याने आपल्या अनुभवाने मिळविले. या बापाला ‘मुलांना धोका कमी आहे’ हे समजावून सांगणारा शिक्षक त्याच्या प्रश्नाचे उत्तर देतच नव्हता. कारण त्याचा प्रश्न मुलीविषयी नव्हता. तिला वर्गात दाराजवळ बसवू, घरी गेल्यावर हातपाय धुऊन मगच आजीजवळ जाण्याची सवय लावू, आणि आजीला लस मिळेपर्यंत तिने एक दिवसाआड यावे, असे जो शिक्षक बोलला असेल त्याला होकार मिळण्याचा संभव अधिक होता. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील माणसांना लस मिळू लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये नाही म्हणणारा पालक ऑक्टोबर २०२१ मध्ये हो म्हणाला, तर त्याचे मत चंचल आहे असे समजू नये. मधल्या काळात म्हातारीच्या दंडावर सुई टोचली गेली होती.

याखेरीज सहीचाच प्रश्न होता. मुळशीत कागदावर सही करण्याविषयी जी सावधगिरी आढळते तिला इतिहास आहे. धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली याच खोऱ्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शेतकऱ्याची संमती न घेता त्याची जमीन घेतली जाते, ही त्यातील मूळ तक्रार होती. अलीकडच्या काळात शहर जवळ आले, जमिनीचे व्यवहार वाढले, आणि वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उमटला म्हणजे काय होते ते अनेक घरांनी पाहिले. अशा माणसापुढे शाळेचा कागद आला. काही ठिकाणच्या नमुन्यांत तर मुलाच्या आरोग्याची जबाबदारी पालकाची राहील, असेही वाक्य होते. ते वाक्य कोणी वाचून दाखवावयाचे? बहुधा ज्या मुलासाठी संमती हवी होती त्यानेच. मुलाने आपल्या सोयीने वाचले असेल, किंवा ‘जबाबदारी’ हा शब्द ऐकून आजोबांनी कागद दूर सारला असेल. वस्तुतः शाळेचा हेतू जबाबदारी झटकण्याचा नव्हता, परंतु पालकाला तो तसा दिसला. कागदाबरोबर शिक्षक स्वतः गेला असता तर हा गैरसमज उंबऱ्यातच मिटला असता, आणि जेथे शिक्षक गेले तेथे तो मिटलाही.

मोबाइलवरील शिक्षणाविषयी पालकांचे मत काय, हेही पुष्कळदा विचारले गेले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेतून रोज पाठ येत होते. शिक्षकांनीही मन लावून काम केले. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरात मोबाइल एक, तो बापाच्या खिशात, बाप कामावर; संध्याकाळी तो आला की रेंजसाठी टेकडावर जावयाचे, आणि पावसाळ्यात वीज गेली की दोन दिवस तेही नाही. घरात दोन मुले असली तर मोबाइल आधी मुलाच्या हाती जाई, मुलीच्या हाती नंतर. पालक तक्रार करीत ती अशी की, पोर मोबाइल हाती धरून बसते, शिकते की खेळते ते कळत नाही. ज्या बापाला स्वतःला वाचता येत नाही त्याला ते कळणार तरी कसे? जेथे शिक्षक देवळाच्या ओवरीत किंवा घराच्या ओट्यावर चार-पाच मुलांना अंतराने बसवून शिकवीत, तेथे पालक पाहू शकत होता, ऐकू शकत होता. त्याच्या मनाला शिक्षण चालू असल्याची खूण पटे ती तेथे. पुढे शाळा उघडताना अशा वस्त्यांतून संमती सहज आली असल्यास नवल नाही. तेथे शाळा पुरती बंद झालीच नव्हती.

आता ज्यांचा ना होकार आला ना नकार, त्यांच्याकडे पाहावे. तक्त्यात हे ‘अनुत्तरित’ म्हणून दिसतात आणि उदासीन समजले जातात. कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की कामासाठी वीटभट्ट्यांकडे किंवा कोळशाच्या भट्ट्यांकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळा उघडण्याच्या तारखा पुन्हा डोळ्यांपुढे आणाव्या: २३ नोव्हेंबर, २७ जानेवारी, १ डिसेंबर. तिन्ही वेळी यांची खोपटी रिकामी होती. १५ जुलैची तारीख भातलावणीच्या ऐन घाईत आली. त्या दिवसांत आठवीतील मुलगा खाचरात चिखल तुडवीत असतो आणि पालकसभेला येण्यास कोणाचे हात मोकळे नसतात. तारखा ठरविणाऱ्यांनी रोगाची आकडेवारी पाहिली, ते योग्यच झाले. पण गावचे पंचांग कोणी पाहिले नाही. शिक्षकाला ते पाठ असते. म्हणून सभा केव्हा घ्यावी, कोणाकडे आधी जावे आणि कोणाच्या भट्टीचा पत्ता दिवाळीपूर्वीच लिहून घ्यावा, हे त्यानेच ठरविले पाहिजे.

आणखी एक गोष्ट परिपत्रकात नव्हती. वाड्यावस्त्यांवरील मुले माध्यमिक शाळेत जातात ती एसटीने. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. पालकाने संमती दिली होती, शाळा उघडी होती, गाडी मात्र नव्हती. ज्यांच्याकडे दुचाकी होती त्यांची मुले आली. मुलग्यांपैकी काही चालत आले. मोठ्या मुलींना एकटीने डोंगरवाट तुडवीत पाठविण्यास आईबाप धजले नाहीत. अशा मुलीची गैरहजेरी ‘पालकांची अनिच्छा’ या सदरात पडली असेल, तर ती नोंद सरळसरळ चुकीची आहे. दोन वर्षे शाळेपासून दूर राहिलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे पुढे काय होते, हे खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको. तिचा दाखला नेण्यास कोणी येत नाही. लग्नाची पत्रिका तेवढी येते.

जुलै २०२१ च्या निर्णयात एक बाब चांगली होती. गावात निदान महिनाभर रुग्ण नसावा, ग्रामपंचायतीने पालकांशी चर्चा करून ठराव करावा आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे त्यात म्हटले होते. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी ही माणसे एका ठिकाणी बसावीत, ही त्यामागची कल्पना. त्याआधीच, जून २०२१ मध्ये, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गाव कोरोनामुक्त करून, आपली शाळा भरविण्याचे धाडस केले होते. तेथे पालकांचा विश्वास सहीच्या कागदातून आला नाही. गावातील प्रत्येक घराची तपासणी गावानेच केली होती, त्यातून तो आला. सर्व गावांना ते साधेल असे नाही. परंतु शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे, ती समिती तरी प्रत्येक शाळेत आहे. ती केवळ कार्यवृत्तावर सही करण्यापुरती राहिली असेल तर साथीच्या दिवसांत ती अचानक बोलू लागणार नाही.

शाळा उघडल्यानंतर पालकांचे मत काय झाले, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. मूल तिसरीत गेले, आणि एके दिवशी आजोबांनी पाटी पुढे करून सांगितले, ‘आपल्या गावाचं नाव लिही,’ आणि त्याला ते लिहिता आले नाही. देशभरातील ग्रामीण मुलांच्या ‘असर’ पाहणीत, तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्के झाली. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर आले. मुले आधीही फार पुढे होती असे नाही, हेही या आकड्यांत दिसते आणि ते लपवू नये. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला गेला, त्याचा उपयोग झाला. परंतु तेव्हा प्राथमिक वर्ग बंदच होते. पालकाला हे हिशेब ठाऊक नसतात. इयत्ता पुढे गेली आणि वाचन मागे राहिले एवढेच तो पाहतो, आणि दोष देतो तो मुलाला, नाही तर गुरुजींना. ऐपत असलेला पालक शिकवणी लावतो. नसलेला म्हणतो, ‘ह्याच्या डोक्यात नाही,’ आणि मुलाला ढोरांमागे धाडतो. येथे शिक्षकाने स्वस्थ बसू नये. मुलाच्या समोर पालकाला स्पष्ट सांगावे की, याचे डोके ठीक आहे, याचे वीस महिने गेले आहेत, ते भरून काढावयाचे आहेत. पहिलीतील पुस्तक चौथीतील मुलाच्या हाती देण्याची वेळ आली तर तेही पालकाला सांगून, कारण समजावून द्यावे. न सांगता दिले तर तो अपमान समजतो.

शाळा बंद ठेवण्याचे प्रसंग साथीखेरीजही येतात. मुळशीत तर दर पावसाळ्यात येतात. जुलै २०२४ मधील अतिवृष्टीत शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. प्रत्येक वेळी मूल कोठे राहील, ओढा कोण ओलांडून देईल, सुट्टीचा निरोप रेंज नसलेल्या वाडीत कसा पोहोचेल, हे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरे संकट आल्यावर शोधण्यापेक्षा जूनमधील पहिल्याच पालकसभेत मिळवावी. त्यासाठी वेगळा नमुना छापून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शंभर पानी साधी वही पुरते. प्रत्येक घरासाठी एक पान. घरात वृद्ध किंवा आजारी कोण, दिवसा घरी कोण असते, मोबाइल कोणाचा व तो केव्हा घरी येतो, मूल शाळेत कोणत्या वाटेने येते, कुटुंब कामासाठी कोठे व कोणत्या महिन्यांत जाते, आणि घरात कागद वाचणारे मोठे माणूस आहे की नाही. सभेला आया बोलत नसतील तर त्यांची पाने घरी जाऊन भरावी. पुरुषांनी सभेत एक सांगितलेले असते आणि चुलीपाशी दुसरेच निघते, असा अनुभव येईल. कातकरी वस्तीवर जावयाचे तर सकाळी लवकर जावे, उन्हे वर आल्यावर तेथे कोणी सापडत नाही.

अशी वही हाती असली म्हणजे वर पाठवावयाच्या अहवालालाही अर्थ येतो. ‘नकार १४’ असे लिहिण्याऐवजी ‘नकार १४, त्यांपैकी ८ घरांत वृद्ध आजारी, ४ मुलींना वाहन नाही, २ कुटुंबे भट्टीवर’ असे लिहिले, तर चार मुलींसाठी वाहनाची मागणी करता येते, आठ घरांसाठी आरोग्यसेविकेस सांगता येते, आणि भट्टी ज्या गावाजवळ आहे तेथील शाळेस दोन मुलांची नावे कळविता येतात. केंद्रप्रमुखांनी नुसता आकडा मागितला तरी खाली या तीन ओळी जोडण्यास कोणाची मनाई नाही. त्या ओळी वाचणारा कोणी वर भेटेलच असे सांगता येत नाही, परंतु न लिहिलेल्या ओळी वाचल्या जाणे तर अशक्यच आहे.

वही दरवर्षी जूनमध्ये तपासावी, जेथे म्हातारे माणूस गेले किंवा सून आली तेथे दुरुस्ती करावी. तीत लिहिलेले घरगुती आहे, म्हणून ती टेबलावर उघडी पडू देऊ नये. आणि शिक्षकाची बदली झाली तर पदभाराच्या यादीत घंटा, कपाटाच्या किल्ल्या व हजेरीपट यांच्याबरोबर तिचीही नोंद करून ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. शक्य झाले तर एक दिवस थांबून त्याला वाडीवर बरोबर न्यावे, म्हणजे पाने कोणाची आहेत ते त्याला चेहऱ्यांवरून कळेल.